दर तासाची नोंद

१८८१ च्या १ जूनपासून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका माणसाचा दिनक्रम ठरून गेला. उंच, सडपातळ, तांबड्या केसांचा आणि तापट स्वभावाचा क्लेमंट रॅग रोज पहाटे पाचच्या आत घर सोडायचा आणि बेन नेव्हिसची वाट धरायचा. नऊ वाजता माथ्यावर पोहोचून तापमापक, वायुभारमापक वाचायचे, वाऱ्याची दिशा आणि जोर, ढगांची जात, पर्जन्यमापकात साठलेलं पाणी वहीत टिपायचं. तासभर थांबून पुन्हा वाचायचं आणि उतरायला लागायचं. जाता-येता ठरलेल्या टप्प्यांवरही उपकरणं होती, तिथंही थांबायचं. जोडीला रेन्झो नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे असंच चाललं.

बेन नेव्हिसची उंची १,३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरनं कमी. मात्र कळसूबाईची चढाई पठारावरच्या गावातून सुरू होते, तर बेन नेव्हिसच्या पायथ्याचं फोर्ट विल्यम हे समुद्राच्या खाडीवर वसलेलं आहे, त्यामुळे पूर्ण उंची पायांनीच चढावी लागते. शिवाय अक्षांश जवळजवळ ५७. माथ्यावरचं वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्याही किंचित खाली. वर्षाचा पाऊस आणि बर्फ धरून सुमारे ४,००० मिलिमीटर. महाबळेश्वरच्या पावसाळ्याशी ज्यांची ओळख आहे त्यांनी तो पाऊस बारा महिन्यांवर पसरून त्यात बर्फ मिसळला, तर या डोंगराची थोडीफार कल्पना येईल.

रॅगच्या या खटाटोपात आणखी एक माणूस होतं आणि त्याचं नाव फार कमी घेतलं जातं. त्याची पत्नी लिओनोरा. नवरा डोंगरावर ज्या ज्या वेळी उपकरणं वाचायचा, त्याच वेळी ती खाली, समुद्राच्या पातळीवर, तीच उपकरणं वाचायची. माथ्यावरच्या आकड्याला एकट्याला फारसा अर्थ नव्हता. त्याच क्षणी खाली काय होतं हे कळलं तरच हवेचा उभा छेद हाती लागणार होता. त्यामुळे त्या उन्हाळ्यातलं निम्मं काम लिओनोराचं आहे असं मी मानतो. १८८२ मध्ये स्कॉटिश मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीनं सुवर्णपदक दिलं, ते मात्र क्लेमंटला.

हा उद्योग कशासाठी, हे त्या काळाकडे पाहिल्याशिवाय उमगत नाही. तारायंत्र आल्यामुळे दूरदूरच्या ठिकाणांची हवा एकाच दिवशी एका नकाशावर मांडता येऊ लागली होती. वादळाचा इशारा देण्याची स्वप्नं पडू लागली होती. पण हा सगळा नकाशा जमिनीलगतच्या हवेचा. वर काय चाललंय हे कळायला विमानं नव्हती, उपकरणं घेऊन नियमानं वर जाणारे फुगेही नव्हते. उरला डोंगर. अटलांटिकवरून येणारी वादळं युरोपात शिरताना ज्या किनाऱ्याला आधी धडकतात, त्याच किनाऱ्यावर ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर उभा होता आणि त्याच्या पायाला समुद्र लागलेला होता. सोसायटीचे डेव्हिड मिल्न-होम यांनी १८७७ मध्येच माथ्यावर वेधशाळा हवी असं मांडलं. टॉमस स्टीव्हन्सन यांनी इमारतीचा आराखडा केला. हे दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. झडपांची जी पांढरी लाकडी पेटी आज जगभरच्या वेधशाळांच्या आवारात चार पायांवर उभी दिसते, पुण्यात सिमला ऑफिसच्या हिरवळीपासून खेड्यातल्या हवामान केंद्रापर्यंत, ती मूळ त्यांचीच. ऊन थेट तापमापकावर पडू नये, पण वारा आरपार खेळावा, एवढी साधी आणि पक्की युक्ती.

आराखडा होता, पैसा नव्हता. सरकार पुढे येईना. रॅगच्या उन्हाळी फेऱ्यांनी मात्र लोकांच्या मनात विषय धरला आणि १८८३ मध्ये वर्गणी सुरू झाली. बघता बघता सुमारे ४,००० पौंड जमले. राणी व्हिक्टोरियानं ५० पौंड पाठवले, बाकी रक्कम व्यापारी, जमीनदार आणि सामान्य माणसांची. त्याच उन्हाळ्यात घोडी चढू शकतील अशी पायवाट डोंगरावर काढली, दगड तिथलाच फोडला, आणि १७ ऑक्टोबर १८८३ रोजी, माथा बर्फानं झाकलेला असताना, मंडळी मिरवणुकीनं वर गेली आणि वेधशाळेचं उद्घाटन झालं. प्रमुखपदासाठी रॅगनंही अर्ज केला होता. जागा मिळाली रॉबर्ट ओमंड यांना. रॅग निराश होऊन ऑस्ट्रेलियाला निघून गेला. तिथं क्वीन्सलंडचा सरकारी हवामानतज्ज्ञ होऊन त्यानं वादळांना नावं द्यायची पद्धत पाडली, १८९७ मध्ये कोझियस्को शिखरावर वेधशाळाही उभी केली. डोंगरमाथ्याचा नाद त्याला सोडून गेला नाही.

ओमंड आणि त्यांच्या दोन-तीन सहकाऱ्यांनी जे काम अंगावर घेतलं त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. दिवस असो वा रात्र, दर तासाला एक नोंद. वर्षाला ८,७६०. नोव्हेंबर १८८३ पासून सप्टेंबर १९०४ पर्यंत.

इमारत बुटकी, भक्कम. दगडांच्या भिंती कुठं कुठं दहा फुटांपर्यंत जाड, आत लाकडी अस्तर, खिडक्या दुहेरी. पहिल्या हिवाळ्यात सगळा संसार एका लहान चौकोनी खोलीत आणि तिला लागून असलेल्या पेटीएवढ्या झोपण्याच्या जागांत होता. कचेरी तीच, स्वयंपाकघर तेच, तारयंत्रही तिथंच. पुढच्या वर्षी खोल्या वाढल्या आणि तीस फुटी मनोरा उभा राहिला. मनोरा दिसायला दिमाखाचा, पण त्याचं खरं काम वेगळं होतं. हिवाळ्यात दारापुढे बर्फ साठत जाई, मंडळी त्यातून बोगदा खणत, रात्रीतून तो बुजे, पुन्हा खणत. काही दिवस बोगदाही चालेनासा होई. मग मनोऱ्यातल्या दारातून थेट बर्फाच्या वरच्या पातळीवर पाऊल टाकायचं.

कामाची पाळी लागलेली असे. रात्रपाळीवाल्याला एकट्यानं जागायचं. घड्याळात तास भरत आला की जाड कोट, कानटोपी, हातमोजे चढवायचे, कंदील पेटवायचा, बाहेर पडायचं. वायुभारमापक आत असे, तो वाचणं सोपं. बाकी सगळं बाहेर. कोरड्या फुग्याचा तापमापक, ओल्या फुग्याचा तापमापक, पर्जन्यमापक, वारा, ढग. शांत रात्री हे काही मिनिटांचं काम. पण शांत रात्री थोड्या. वर्षातले सरासरी २६१ दिवस माथ्यावर सोसाट्याचं वादळ असे. वाऱ्यात उभं राहता येईना तेव्हा माणसं हातापायांवर रांगत पेटीपर्यंत जात, आणि फारच झालं तर कमरेला दोर बांधून दोघं मिळून बाहेर पडत. कंदील विझे. वही हातातून उडून जाई. सुरुवातीच्या वर्षांत असे मोजके प्रसंग आले की बाहेर पाऊल टाकणंच अशक्य झालं आणि तेवढ्या तासांच्या बाहेरच्या नोंदी राहिल्या. राहिल्या तर तसं लिहून ठेवलं. अंदाजानं आकडा भरून रकाना पुरा केला नाही. त्या वह्यांवर आजही विश्वास टाकता येतो तो या सवयीमुळे.

सर्वांत मोठा वैरी वाराही नव्हता. तो होता धुक्याचा बर्फ. माथा बहुतेक वेळ ढगातच असे. ढगातले पाण्याचे थेंब शून्याखाली गेलेले असूनही पातळ राहतात आणि कशालाही शिवले की तत्क्षणी गोठतात. खांब, तार, भिंत, दोर, जे वाऱ्याच्या आड येईल त्याच्यावर पांढऱ्या पिसांसारखे थर वाढायला लागत, आणि वाढत ते वाऱ्याच्या दिशेला तोंड करून. तापमापकाच्या पेटीच्या झडपा काही वेळात बुजून जात. झडपा बुजल्या की आत हवा खेळत नाही आणि मग आकडा हवेचा राहत नाही, पेटीचा होतो. त्यावर तोड अशी काढली की पेट्या जादा ठेवायच्या. बुजलेली पेटी उचलून घरात आणायची, वितळायला ठेवायची आणि तिच्या जागी दुसरी लावायची. काही तासांनी तीही आत. जमिनीवरचा बर्फ चढत गेला की पेटीही वर सरकवायची, म्हणजे तापमापक पृष्ठभागापासून ठरलेल्या उंचीवरच राहील. त्यासाठी शिडीसारखे उभे आधार केले होते. वसंतात बर्फाचा थर माणसाच्या उंचीपलीकडे जाई, त्यामुळे ही शिडी काही हौस नव्हती.

वारा मोजणारे पेलेही असेच गोठून बसत आणि फिरायचे थांबत. तेव्हा निरीक्षक स्वतःच वातमापक झाला. बाहेर उभं राहून, अंगावर येणाऱ्या दाबावरून, शून्य ते बारा अशा मापात वाऱ्याचा जोर ठरवायचा. उपकरण चालू असलेल्या दिवसांत आपला अंदाज आणि यंत्राचा आकडा ताडून पाहायचा, म्हणजे यंत्र बंद पडलेल्या दिवसांत तो अंदाज वापरता येतो. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. माणसाच्या शरीराला इतक्या काटेकोरपणे उपकरणाची शिस्त लावणं सोपं नाही, आणि थंडीनं बधिर झालेल्या शरीराला तर नाहीच.

खाण्यापिण्याची सोय उन्हाळ्यातच करावी लागे. घोड्यांवरून कोळसा, रॉकेल, पीठ, डबाबंद मांस आणि इतर कोरडा शिधा वर चढवायचा, कारण बर्फ पडला की घोडी बंद. हिवाळ्यात पायवाटेवरून अधूनमधून माणूस पाठीवर टपाल आणि थोडं ताजं सामान घेऊन येई, हवेनं वाट दिली तर. पाण्यासाठी बर्फ वितळवायचा. उन्हाळ्यात माथ्याच्या खाली एक झरा होता, त्याला रॅगचंच नाव पडलं. घरचा केरकचरा जवळच्या एका कड्याच्या घळीत ओतला जाई. त्या घळीला गिर्यारोहक आजही गार्डीलू म्हणतात. जुन्या एडिनबरात वरच्या मजल्यावरून सांडपाणी फेकताना देत असलेल्या हाळीवरून पडलेलं ते नाव.

पगार बेताचा, डॉक्टर नाही, ऊनही क्वचित. सूर्यदर्शनाची वर्षाची सरासरी दिवसाला दोन तासांच्या आसपास. त्यात अधूनमधून वादळी विजेचं प्रकरण. मनोऱ्याच्या टोकावर, उपकरणांच्या दांड्यांवर, कधी माणसाच्या टोपीवर निळसर ज्योती सळसळताना दिसत. १८९५ मध्ये वीज तारेवाटे थेट कचेरीत उतरली आणि लाकडी अस्तरानं पेट घेतला. आग विझवली. नोंदी चालू राहिल्या.

ही मंडळी कुढत बसलेली नव्हती. चांगल्या दिवशी बर्फावरून घसरगुंडी, स्की, बर्फाचंच टेबल रचून बाहेर जेवण. उन्हाळ्यात तर एकांत उरतच नसे. पायवाटेसाठी चालणाऱ्याला एक शिलिंग, घोडेस्वाराला तीन, असा आकार भरून पर्यटक येत. वेधशाळेला लागूनच एक छोटंसं लाकडी हॉटेल निघालं. माथ्यावरून घरी तार पाठवण्याची हौस लोकांना फार. १८९५ मध्ये फोर्ट विल्यमच्या विल्यम स्वान या न्हाव्यानं गावातून माथ्यावर जाऊन परत येण्याची धाव २ तास ४१ मिनिटांत पुरी केली आणि शर्यतींचं वेड सुरू झालं. १९०३ च्या शर्यतीत पहिला आला तो यूएन मॅकेन्झी, वेधशाळेची पायवाट सांभाळणारा माणूस. ज्याचं पोटच त्या वाटेवर भरत होतं, त्याला कोण हरवणार?

या साऱ्या कष्टातून काय निघालं? हवा वर जावं तशी थंड होते, हा नियम. पण हिवाळ्यात हवेचा दाब चढलेला असताना, वारा पडलेला असताना, उलट घडे. खाली फोर्ट विल्यम धुक्यात गारठलेलं आणि माथ्यावर ऊन, हवा उबदार आणि विलक्षण कोरडी. पायाखाली ढगांचा समुद्र आणि त्यातून वर आलेली शिखरं बेटांसारखी. वरून खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते, हे इथं तासातासाच्या आकड्यांत दिसत होतं. ओमंड आणि सोसायटीचे चिटणीस अलेक्झांडर बुकन यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. ही तुलना नेमकी व्हायला खालची नोंदही तितकीच चोख हवी होती. आधी ते काम गावातला शाळामास्तर दिवसातून काही वेळा करायचा. १८९० पासून फोर्ट विल्यमला वेगळी वेधशाळा झाली आणि वर-खाली दोन्हीकडे तासाची नोंद सुरू झाली. लिओनोरानं जे एकटीनं केलं होतं, त्याला आता इमारत मिळाली.

एक फळ तर कुणी मागितलंही नव्हतं. कायम कर्मचाऱ्यांना थोडी विश्रांती मिळावी म्हणून उन्हाळ्यात विद्यापीठांतली तरुण मुलं बदली निरीक्षक म्हणून येत. सप्टेंबर १८९४ मध्ये पंचविशीचा चार्ल्स टॉमसन रीस विल्सन असा दोन आठवड्यांसाठी आला. सकाळी सूर्य पाठीशी, समोर ढग, आणि ढगावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती रंगीत वलयं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळी हवेत डोंगरभटक्यांना दिसणारं इंद्रवज्र ते हेच. आपण ते पाहतो, हरखतो आणि फोटो काढतो. विल्सनला वाटलं, हे प्रयोगशाळेत करून पाहावं. केंब्रिजला परतून त्यानं काचेच्या भांड्यात ओलसर हवा एकदम प्रसरण पावू देऊन कृत्रिम ढग बनवायला सुरुवात केली. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा त्या डोंगरांत गेला तेव्हा विजेच्या वादळात डोक्यावरचे केस उभे राहिले आणि वातावरणातल्या विजेचा विषयही मनात रुजला. काचेतल्या ढगाचा अभ्यास करता करता त्याला कळलं की विद्युतभारित कणांभोवती थेंब धरतात. १९११ पर्यंत त्यातून मेघकोष्ठ तयार झालं. डोळ्यांना न दिसणारा अणूचा तुकडा ज्या वाटेनं गेला ती वाट थेंबांच्या रेषेनं दाखवणारं यंत्र. १९२७ चं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं. त्या डोंगरावर ऊन दुर्मीळ होतं हे ध्यानात घेतलं, तर विल्सनला मिळालेली ती थोडीशी चांगली हवा भौतिकशास्त्राचंच भाग्य म्हणायची.

तरीही पैशाचं रडगाणं पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत संपलं नाही. दोन वेधशाळा चालवायला वर्षाला सुमारे १,००० पौंड लागत. सरकारी मंडळाकडून मिळत ते ३५० पौंड. बाकी वर्गण्या, देणग्या, पायवाटेचे शिलिंग. १८९५ मध्ये ओमंड पायउतार झाले आणि अँगस रँकिन प्रमुख झाले, अडचण तीच राहिली. सरकारचं म्हणणं असं की रोजच्या हवामान अंदाजाला या माथ्यावरच्या आकड्यांचा तसा उपयोग नाही. यात थोडं तथ्यही असेल. पण वीस वर्षांची सलग मालिका आज काय देते, एवढ्यावर तोलून मोडीत काढणं मला तेव्हाच्या राज्यकर्त्यांचा करंटेपणा वाटतो. अशी मालिका एकदा तुटली की पुन्हा जोडता येत नाही. पन्नास वर्षांनी पैसे मोजून १९०५ सालचं एक तापमानही विकत मिळत नाही. १ ऑक्टोबर १९०४ रोजी वेधशाळा बंद झाली. पावणेदोन लाखांहून अधिक तास वह्यांत बांधले गेले होते. माथ्यावरचं हॉटेल त्यानंतर काही वर्षं तग धरून राहिलं, मग तेही गेलं. आता तिथं पडक्या भिंती आहेत आणि मनोऱ्याच्या अवशेषावर गिर्यारोहकांसाठी एक आसरा बांधलेला आहे.

काम शिकलेली माणसं मात्र रिकामी बसली नाहीत. विल्यम स्पियर्स ब्रूस १८९५-९६ मध्ये माथ्यावर राबला होता. त्यानं १९०२ मध्ये स्कॉटिश अंटार्क्टिक मोहीम काढली आणि बेन नेव्हिसवरच काम केलेल्या रॉबर्ट मॉसमनला हवामानासाठी बरोबर घेतलं. दक्षिण ऑर्कनी बेटांपैकी लॉरी बेटावर त्यांनी दगडी घर बांधलं आणि त्याला ओमंड हाउस नाव दिलं. १९०४ च्या फेब्रुवारीत ते ठाणं अर्जेंटिनाच्या स्वाधीन झालं. स्कॉटलंडमधल्या माथ्यावरचं काम त्याच वर्षी थांबलं. लॉरी बेटावरचं आजतागायत थांबलेलं नाही, आणि अंटार्क्टिक प्रदेशातली सर्वांत लांब सलग हवामान-मालिका तिथलीच आहे.

बेन नेव्हिसच्या तासातासाच्या नोंदी रॉयल सोसायटी ऑफ एडिनबरानं जाडजूड खंडांत छापल्या होत्या. छापील रकान्यांतले आकडे संगणकाला आपोआप वाचता येत नव्हते, म्हणून शतकभर ते तसेच पडून होते. २०१७ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी लोकांना हाक दिली की पानं पडद्यावर पाहा आणि आकडे टंकून द्या. हजारो माणसं घरबसल्या कामाला लागली. चूक धरता यावी म्हणून एकच पान वेगवेगळ्या माणसांकडे जाई. काही महिन्यांत पंधरा लाखांच्या घरातल्या नोंदी संगणकात उतरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची वादळं नव्यानं उभी करून पाहणारे शास्त्रज्ञ आता त्या वापरू शकतात.